प्रमोदला कुलूप, किल्लीसह

लिहून ठेवणार मी, पद्माबाई भिवाजी खिल्लारे, वय ७१, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, रा. गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. घर मुलाला बक्षीसपत्राने लिहून दिले त्या दिवशी मात्र ती कोणी तपासली नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकणारे आता वेगळे राहतात.

त्या बक्षीसपत्रात ‘आईचा मरेपर्यंत सांभाळ करीन’ ही अट माझा मुलगा प्रमोद याने हौसेने घालायला लावली आणि नातेवाइकांत मोठ्याने वाचून दाखवली. मग तो आणि सून ऐश्वर्या बाहेर जाताना मला मागच्या खोलीत कोंडू लागले. जेवण आठवले तर मिळायचे. तक्रार केली की प्रमोद हात उगारायचा, आणि पुढे पुढे तो नुसता उगारलेला राहत नसे.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवेची स्वयंसेविका शीतल विचारपूस करायला आली तेव्हा मी म्हणाले, “काई तकलीफ न्हाई, पोरगं चांगलं हाय.”

ती म्हणाली, “मग मावशी, खिडकीतून काहून बोलून राहिल्या?”

मला रडू फुटले. तिनेच ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली माझा अर्ज लिहिला. हिंगोलीला उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर प्रमोद म्हणाला, “मी आईला सांभाळूनच राहिलो, साहेब.” मी म्हणाले, “व्हय साहेब, कुलूप लावून सांभाळतो.” सांभाळाची अट मोडली म्हणून बक्षीसपत्र रद्द झाले आणि घर पुन्हा माझे झाले. प्रमोदचे आभार, अट त्याचीच होती.

माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. सदर कुलूप प्रमोदला, किल्लीसह. मजबूत आहे, अनुभवाने सांगते.

२. टीव्ही शेजारीण भिकाबाईला. मी ओरडले की ती आपल्या टीव्हीचा आवाज वाढवायची. माझ्या टीव्हीचा आवाज जास्त मोठा होतो.

३. शिलाई मशीन शीतलला. जिवंतपणी ती माझा चहासुद्धा मुश्किलीने घेते. मेल्यावर माझ्याशी हुज्जत घालता येणार नाही. बँकेत जे उरेल तेही तिच्याकडे द्यावे. अर्ज करायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांचे जीपभाडे त्यातून भागवावे. भाड्यासाठी मुलाकडे हात पसरावा लागला तर अर्ज होतच नाही.

४. राहिले घर. ते प्रमोदला नाही. ते ऐश्वर्याला, एकटीच्या नावे. हे ऐकून दोन्ही साक्षीदार मला परत डॉक्टरकडे न्यायला निघाले होते. माझ्या तोंडावर दार तिनेही लावले आहे, आणि तिचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. पण तिला एक मुलगा आहे. आईला कसे सांभाळतात, ते त्याने रोज उंबऱ्यात उभे राहून पाहिले आहे. ऐश्वर्याने हे घर जिवंतपणी कोणाच्याही नावे करू नये.

स्वतः वाचले, बराबर आहे, म्हणून सही करते.

पद्माबाई भिवाजी खिल्लारे

साक्षीदार:
सुदाम जळबा इंगोले, रा. गोरेगाव
मिराबाई रत्नपाल पाईकराव, रा. पुसेगाव

ठिकाण: गोरेगाव
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४