तळघराच्या पुढचा सिनेमा

लेस्टर, नोव्हेंबर १९८६

प्रिय ईवामावशी,

तू भयपटांत कामं घेतलीस, तेव्हा आजोबांनी तुला मेलेली समजून आपल्या ज्यू रिवाजाप्रमाणे सात दिवस जमिनीवर बसून शोक पाळला. तरी आईसाठी मी तुझ्या सिनेमांच्या कॅसेट आणतो. तू मेणबत्ती घेऊन तळघराकडे निघालीस की ती म्हणते, "राफाएल, बंद कर रे. एकदा रडलेय मी तिच्यासाठी."

आता तिचं दुखणं बरं होणारं नाही. "मावशीला बोलावू?" मी विचारलं.

"मेलेल्यांना बोलावतात का, वेड्या?"

काल ती हॉस्पिटलमध्ये असताना मी एकट्याने एक सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. तू कबरीतून उठतेस आणि बहिणीचं दार ठोठावतेस. आईला हा शेवट माहीतच नाही.

आज ती घरी येईल. आज मी कॅसेट बंद करणार नाही. त्यानंतर ती हो म्हणाली, तरच हे पत्र टाकीन.

तू न पाहिलेला तुझा भाचा,
राफाएल