उघड्या चाकांची पूजा

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना.
घट बसले. उपास सुरू. या नवरात्रात कमी बोलायचा संकल्प सोडला आहे.
नूपुरने कॉलेजातून गाडी घरी आणली. खरी नव्हे, नमुना. हातभर लांब, पांढरीशुभ्र. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची स्पर्धा आहे: पुढच्या काळातली रेसची गाडी कशी असावी. जिंकणाऱ्या टीमला खरी गाडी बांधायला वर्कशॉप मिळणार. टीमची कॅप्टन आमची नूपुर. वर्षभर पोरीचं जेवणावर लक्ष नाही. कॉलेजची लॅब रंगवायला काढली आहे, म्हणून स्पर्धेपर्यंत गाडी आमच्या टीव्हीशेजारी.
पाहिलं तर चारही चाकं अंगाबाहेर. विचारलं, मडगार्ड बसवायचे राहिले का? नूपुर म्हणाली, "आई, याला ओपन व्हील म्हणतात. चाकं उघडीच असतात."
उघडीच! आमच्या लालबागच्या गल्लीतून एकदा चालवून बघा म्हणावं, कपड्यांवर काय काय उडतं ते.
बोलले नाही. म्हणजे फार बोलले नाही.

बुधवार, २४.
जेवताना नूपुरने समजावलं. पुढे पळणारी गाडी हवा घुसळून मागे टाकते. मागची गाडी त्या मळक्या हवेत सापडली की तिची रस्त्यावरची पकड सुटते, जवळ जाता येत नाही, शर्यतीची मजा जाते. म्हणून पुढच्या काळातल्या गाड्या लहान, हलक्या हव्यात. पंख कमी, आणि हवा पोटाखालून काढायची.
मी म्हटलं, म्हणजे शेजारच्या जाईबाई बोंबील तळतात आणि ठसका आपल्याला लागतो, तसं. नूपुर केवढ्याने हसली. म्हणाली, "अगदी तसंच! हे मी भाषणात घेणार."
म्हणजे मला डिझाइन कळतं. मॅट्रिकला भूमितीत बासष्ट मार्क काही उगाच पडले नव्हते.
हे म्हणाले, "तुका काय कळता गो त्यातला?" यांची नोकरी शिवडीच्या गोदामात. ट्रकशिवाय दुसरी गाडी जवळून पाहिलेली नाही. उत्तर दिलं नाही. संकल्प आहे.

शुक्रवार, २६.
आज थोड्या सूचना केल्या. गाडी बरी आहे, पण सांगणारं कोणी हवं.
ड्रायव्हरच्या डोक्यावर एक कमान आहे, अपघातात डोकं वाचावं म्हणून. छान आहे, मखरासारखी. म्हटलं, इथे गणपती शोभेल. नूपुर म्हणाली, "आई, तिथे ड्रायव्हरचं डोकं असतं." मग छोटा घ्या, म्हटलं. रंग पांढरा नको, मळखाऊ हवा. आणि दोन्ही कुशींत भोकं आहेत. मोटर थंड राहायला तिथून हवा जाते म्हणे. हवा जाते तिथून झुरळंही जातात. जाळी लावा.
यशोधन आला होता, नूपुरच्या टीममधला, अँटॉप हिलला सरकारी कॉलनीत राहतो. म्हणाला, "काकू, तुम्ही तर आमच्या चीफ डिझायनर!" हे म्हणतात थट्टा केली. मला तसं वाटलं नाही. त्याला राजगिऱ्याचे दोन लाडू दिले.
तो गेल्यावर नूपुर म्हणाली, "आई, हात जोडते. स्पर्धा होईपर्यंत गाडीला हात लावू नकोस. धूळसुद्धा पुसू नकोस."
बरं म्हटलं. मी शब्दाची पक्की आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. दुपारी.
नूपुर कॉलेजात. खाली टॅक्स्यांना, स्कूटरींना झेंडूचे हार. जाईबाईंच्या मुलाने सायकललासुद्धा नारळ फोडला. आमच्या घरात जन्मात पहिली गाडी आली, तीही लेकीने हाताने केलेली. तिला एक फूल नाही?
शब्द मोडला नाही. हात लावलाच नाही. फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वरून सोडलं, अक्षता लांबून वाहिल्या. नमस्कारही लांबूनच केला. डोळे भरून आले. जिंकू दे रे देवा म्हटलं.
कुंकू ओलं होऊन गाडीच्या नाकावरून ओघळलं. फडक्याने टिपलं. फडकं म्हणजे काही हात नव्हे. जरा गुलाबी झाली आहे. उठाव आला.
अक्षता दिसल्या तेवढ्या चिमट्याने उचलल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
नूपुरला गुलाबी दिसलं. म्हटलं, पंख्याने देव्हाऱ्यातलं कुंकू उडालं असेल. ती रंगाची डबी काढून बसली ती बसलीच. तिला सोनं द्यायचं राहून गेलं. आपट्याची पानं अजून ताटात आहेत.
सणासुदीला पंख्याबद्दल बोललेलं खोटं धरत नसावेत.

शनिवार, ४.
स्पर्धेला गेले. नूपुर नको म्हणत होती, पण चीफ डिझायनरने घरी बसायचं? ठेवणीतली नारायणपेठ नेसले. नारळाच्या वड्यांचा डबा घेतला. जिंकल्यावर वाटायला.
शेवटच्या रांगेत बसले. नूपुर काय सुंदर बोलली! बोंबलांचं उदाहरण दिलं, हॉल हसला. मी आजूबाजूला पाहून घेतलं.
मग गाडी काचेच्या पेटीत ठेवली. पेटीला मोठा पंखा. वारा वाढवत नेला. गाडी जागची हलली नाही. आणि टक. काचेवर काहीतरी आपटलं. परत टक. मग टकटकटक. गाडीच्या मागून तांदूळ उडत होते. लग्नात उडतात तसे.
पंखा बंद केला. परीक्षक म्हणाले, कुशीतली वाट तुंबली आहे, मोटरला हवाच पोचत नाही. एक दाणा चिमटीत धरून विचारलं, "हे काय?"
नूपुर म्हणाली, "अक्षता, सर."
"डिझाइनमध्ये यांचं काम काय?"
हॉल बोंबलांना हसला त्याहून जास्त हसला. यशोधनने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नूपुरने पाहिलं नाही. म्हणाली, "माझी चूक, सर. आणण्याआधी मी आतून तपासायला हवी होती."
मी उठून सांगणारच होते. पण गुडघा धरला.
निवड दुसऱ्या कॉलेजची झाली. चाकं त्यांचीही उघडीच.
परत येताना टॅक्सीत नूपुर एवढंच म्हणाली, "तू काही बोलली नाहीस, आई." म्हटलं, गुडघा धरला गं एकदम, उठताच येईना. तिने विचारलं, "कुठला?"
डावा, म्हटलं.
वड्या तशाच परत आणल्या.

रविवार, ५.
सकाळी नूपुर परळला जाऊन गुडघ्याचा पट्टा घेऊन आली. नको नको म्हटलं. ऐकेना. खाली बसून स्वतः बांधला. पट्ट्याचे किती झाले ते विचारायचा धीर झाला नाही. घरखर्चाच्या वहीत आजची ओळ कोरी आहे.
दिवसभर लंगडले. जाईबाई तेल घेऊन आल्या. हे म्हणाले, "काल तीन जिने चढान इलंस, तेवा बरो होतो." यांचं लक्ष नको तिथे असतं.
उद्या सगळं खरं सांगायचं. नक्की.

सोमवार, ६. कोजागिरी.
यशोधन गाडी न्यायला आला. पुढच्या वर्षी पुन्हा भाग घेणार आहेत. तोवर गाडी अँटॉप हिलला राहील. त्याची आई नोकरीला जाते, घर दिवसभर बंद असतं, असं नूपुर म्हणाली. आवाज चढवून नव्हे, साधं सांगितल्यासारखं. जुन्या ओढणीत गाडी गुंडाळली. यशोधन ती छातीशी धरून जिना उतरला. मला नेहमीसारखं "येतो काकू" म्हणाला.
आत्ताच सांगायचं ठरवलं. लंगडत दारापर्यंत गेले. म्हटलं, "नूपुर, अगं, त्या दिवशी हॉलमध्ये..."
ती माझ्या पायांकडे बघत होती. मीही पाहिलं. लंगडत होते उजव्या पायाने.
ती वाकली. डाव्या गुडघ्याचा पट्टा सोडला आणि उजव्याला बांधला.
"घट्ट नाही ना झाला?" म्हणाली.
नाही म्हटलं.