पंचनाम्याच्या वहीतली रिकामी ओळ

सर,

काल मीटिंगमध्ये माझ्या हाताखालच्या एका मुलीने पाच सेकंदांत जे सांगून टाकलं, ते तुम्हाला सांगायला मला तुमच्या हयातीत जमलं नाही. म्हणून लिहिते आहे. शुक्रवारी मी निवृत्त होते. तुमची वही त्या मुलीकडे सोपवायची आहे, आणि वहीतली एक ओळ अजून रिकामी आहे. ती तशी ठेवून वही पुढे देता येणार नाही.

सदाशिव पेठेत दवाखान्याच्या वर तीन खोल्यांचा फ्लॅट, एवढीच आपली कंपनी. देशाची दारं नुकती उघडली होती, बाहेरून यंत्रं येत होती, आणि त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम दुरुस्त करून देणारी पाच माणसं त्या फ्लॅटमध्ये बसत होती. यंत्र स्वयंपाकघरात, ओट्यावर. सिंकवर फळी, फळीवर टेपांचे डबे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते यंत्र माझ्यासमोर बंद पडलं. पडद्यावर आकड्यांच्या ओळी आल्या आणि सगळं थिजलं. मी कुणीही केलं असतं तेच केलं, रिसेटचं बटण दाबलं. तुम्ही दारात उभे होतात. ‘अहो,’ तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, ‘खून झालेल्या खोलीत शिरल्यावर आपण आधी केर काढता का?’ बाहेरच्या खोलीतले तिघे हसले. मी हसले नाही, आणि तुम्हीही नाही. तुम्ही कपाटातून एक जाड पुठ्ठ्याची वही काढून ओट्यावर ठेवलीत. ‘ही पंचनाम्याची वही. यंत्र पडलं की आधी पडद्यावरचं सगळं हाताने यात उतरवायचं. मग बटण. चहा त्यानंतर.’

त्या वहीचा एक नियम होता, जो मी पुढे कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ असे: ‘राहिलं कुणाकडून’. तिथे ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहायचं. दुसऱ्याने दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही, मग चूक कितीही उघड असो. पहिल्या अठरा नोंदींपैकी चारांखाली तुमचंच नाव होतं. मालकाचं नाव चार वेळा. मला तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नाही. पुढे मोठ्या कंपन्यांतले साहेब पाहिले, तेव्हा वाटलं.

वर्षभराने तुम्ही मला क्रॅश डंपचं काम दिलंत. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा कोलमडला, की त्या क्षणी मेमरीत जे होतं ते सगळं डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत लिहून ठेवायचं, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर कारण शोधता येतं. तुम्ही त्याला मृत्युपूर्व जबानी म्हणायचात. ‘आणि लक्षात ठेवा, जबानी देणारा मरायला टेकलेला आहे. त्याच्या हातून फार कसरती करून घेऊ नका. थोडा कोड, साधा कोड.’ मी थोडा आणि साधाच लिहिला. इतका थोडा, की राखीव जागा केवढी आहे हे तपासणारी ओळ त्यात नव्हती. आपल्या यंत्राची मेमरी त्या जागेत आरामात मावत होती. मला गरजच दिसली नाही.

चिंचवडच्या एका कारखान्याने त्यांच्या यंत्राची मेमरी दुप्पट केली. डिस्कवरची राखीव जागा मात्र होती तेवढीच राहिली. पुढे एके दिवशी ते यंत्र पडलं, माझा कोड जबानी लिहू लागला, जागा संपली तरी थांबला नाही, आणि डिस्कच्या शेजारच्या भागावर लिहीत गेला. तिथे त्यांच्या ड्रॉइंग विभागाचं तीन आठवड्यांचं काम होतं. बॅकअपची शेवटची टेप त्या कामाच्या आधीची.

आपण तुमच्या स्कूटरवरून गेलो. ड्रॉइंग विभागाचे प्रमुख टेबलाला टेकून उभे होते. ‘साहेब, तुमचं यंत्र का पडलं ते राहू द्या. आमची ड्रॉइंग्ज कुठायत?’

‘आमच्या पंचनाम्याखाली गाडली गेली,’ तुम्ही म्हणालात. ‘चूक आमची आहे. माझ्या देखरेखीत झाली.’

‘मग आता?’

‘आता आम्ही बसतो तुमच्याबरोबर.’

आणि बसलात. दोन आठवडे रोज. छापील कागद होते, त्यांवरून ती माणसं ड्रॉइंग्ज पुन्हा काढत होती आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून मोजमापं वाचून दाखवत होतात, शाळेत शुद्धलेखन घालतात तसे, प्रत्येक आकडा दोनदा. मी शेजारच्या टेबलावर तेच करत होते. तुमचा आवाज बसला. मला तुम्ही त्या दोन आठवड्यांत रागाचा एक शब्द बोलला नाहीत.

फक्त एक प्रश्न विचारला होतात. पहिल्याच दिवशी, परत आल्यावर, ओट्यापाशी. ‘जागेचा आकार तपासला होता का?’

‘तपासला होता, सर.’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ‘बरं,’ म्हणालात.

कोड समोर होता. त्यात ती ओळ नव्हती, आणि वाचता येणाऱ्या कुणालाही नसलेली ओळ दिसली असती. इतकी निरर्थक थाप मी आयुष्यात दुसरी मारलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी ती ओळ घातली. तुम्ही फाइल उघडून वाचलीत आणि म्हणालात, ‘आता बरोबर आहे. ही फाइल इथून पुढे तुमचीच.’ माझ्याकडून काढून घेतली नाहीत. मी काढून घेतली असती. त्या फाइलवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. खराडीच्या या काचेच्या इमारतीत मला ज्या विषयातलं कळतं असं लोक समजतात, तो विषय मला त्या सकाळी मिळाला.

वहीत एकोणिसावी नोंद तुमच्या अक्षरात आहे, काळ्या शाईत. काय झालं, कसं झालं, सगळं. शेवटी ‘राहिलं कुणाकडून’, आणि पुढे कोरं. तुम्ही स्वतःचं नावही तिथे घातलं नाहीत. ते खोटं झालं असतं. मी त्यानंतर कितीतरी नोंदी केल्या, त्यांतल्या माझ्या चुकांखाली निमूट नाव लिहिलं, पण ते पान उलटताना दोन पानं एकदम उलटायची सवय लावून घेतली. तुमच्या आजारपणात नारायण पेठेत तुमच्या घरी आले होते, तेव्हा वही तुम्ही उशाशी काढूनच ठेवली होती. ‘ही तुमच्याकडे राहू द्या. काही ओळी राहिल्यात.’ मी म्हणाले, ‘सर, आधी बरे व्हा, मग बघू.’ तुम्ही म्हणालात, ‘बघा बुवा.’ तुम्ही बरे झाला नाहीत.

कालची मुलगी अमरावतीकडची, वाघोलीहून येते. हल्ली डंप वेगळ्या तऱ्हेने घेतात. एक छोटा राखीव कर्नल जागा होतो आणि मेल्याची जबानी उचलून ठेवतो. तिच्या कोडने ती ठेवताना डिस्कवर किती जागा उरली आहे ते पाहिलं नाही. डिस्क भरली, ग्राहकाचं काम सकाळभर बंद. मी मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, ‘मॅडम, मी चेकच नाही केलं. चुकलं माझं.’

‘रडू नका,’ तिचे डोळे ओले दिसले म्हणून मी म्हणाले.

‘रडत नाहीये मॅडम. तुम्ही मला एसीखाली बसवलंय.’

सगळे हसले. या वेळी मीही हसले. मग तिची जागा बदलली, आणि ती फाइल तिच्याकडेच ठेवली. हे मला कुणी शिकवलं ते तिला सांगितलेलं नाही. वहीत सापडेल.

तपासला नव्हता, सर.

हस्तांतर: जाड पुठ्ठ्याची वही एक, पंचनाम्याची, शिवण दोनदा घातलेली. नियम तोंडी समजावून दिला. एकोणिसाव्या नोंदीतली शेवटची ओळ आज भरली, नाव माझं, माझ्या हाताने. शाई निळी आहे आणि बाकीची नोंद काळी, त्यामुळे ती फार उशिरा भरल्याचं दिसतं. दिसू द्यावं. घेणारीची सही घेतली. वहीसोबत हे पत्र दिलेलं नाही.