रिव्हर्सची वायर

९ मार्च
अकरा दिवसांनी कामावर गेलो. लोडर धुऊन ठेवला होता. मागची चाकंसुद्धा. कोणी धुतली, विचारलं नाही. मुकादम म्हणाले, "बस वर. हळूहळू सवय होईल." बसलो. रिव्हर्स टाकला. हॉर्न वाजला. खाली उतरून ओकलो.

१० मार्च
अपघाताच्या चौकशीचे साहेब आले. पाच वेळा लोडर मागे घ्यायला लावला. पाचही वेळा हॉर्न वाजला! साहेबांनी लिहिलं – यंत्रात दोष नाही, मृताचं लक्ष नव्हतं. सही कर म्हणाले. केली.
वाजणारच. दाजींना गाडीत घातलं, सगळे फाटकाकडे धावले, तेव्हा मी मागे राहून हॉर्नची वायर जोडली. ताईचा नवरा गाडीत, आणि मी पक्कड शोधत होतो.

११ मार्च
लिहूनच टाकतो. वायर मीच काढली होती. पत्र्याची शेड, मिठाचे ढीग, दिवसाला दीडशे फेऱ्या – प्रत्येक वेळी मागे येताना टूं टूं टूं. डोकं उठायचं. खाली काम करणारा कोणी मागे वळून बघत नाही. हॉर्न ऐकू आला की बाजूला होतो, एवढंच. हे मला माहीत होतं.
दाजी ट्रकमागे सांडलेलं मीठ फावड्याने ओढायचे. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं. "काय मेव्हणे, सासूबाईंनी मौन धरलंय वाटतं!" लोडरला ते माझी सासू म्हणायचे. मी हसलो. उद्या जोडतो म्हटलं.
चार दिवस उद्याच म्हणत राहिलो.

१३ मार्च
ताईकडे गेलो. शेजारीण बसली होती. ताई तिला सांगत होती, "ह्यांचं लक्षच नसायचं हो. रस्ता ओलांडताना मीच हात धरायचे."
खोटं! घरातून निघताना गॅस तीनदा बघणारा माणूस तो. ताईने वाढलं. "खा रे, किती वाळलास." खाल्लं. लाज कशी वाटली नाही!
भाची म्हणाली, "मामा, बाबा वेंधळे होते का?" पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

१४ मार्च
दाढी केली नाही. आरशात बघावं लागतं.

१६ मार्च
मुकादमांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "झाकली मूठ राहू दे. तो परत येणार आहे का?"
मी म्हटलं, "भाचीला काय सांगू?"
त्यांनी दार उघडलं. उद्या साहेबांकडे जायचं. आधी ताईला सांगायला हवं. तिने पुन्हा दारात उभं केलं नाही तरी चालेल. नाही – चालणार नाही. पण सांगायचं.

१७ मार्च
सांगितलं. ताई दाजींच्या शर्टांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.
"माहीत आहे मला. हॉर्न बंद दिसला त्याच दिवशी ह्यांनी घरी येऊन सांगितलं. मुकादमाच्या कानावर घालतो म्हणत होते. मीच शपथ घातली – माझ्या भावाची नोकरी जाईल, गप्प राहा."
मग शर्ट बाजूला ठेवला.
"थांब. साहेबांकडे मीही येते."