नंदूचे कान

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

आज परत सगळ्यांसमोर! चारकोपच्या ग्राउंडवर अख्खा क्लब जमलेला, आणि नंदू, माझा नवरा, मला हसला.

मी एवढंच म्हटलं होतं — नंदू, लीन झालंय, सुई थोडी उघड. अनयची रिमोटवरची बग्गी समोरून गेली तेव्हा मागे धुराची रेघच नव्हती. इंधन कमी, हवा जास्त. इंजिन किंचाळत होतं. बहिऱ्यालाही कळलं असतं! नंदूने मान वर केली नाही. मी पुन्हा ओरडून सांगितलं. तेव्हा म्हणतो, "बायकांनी सुई कापडात घालावी. कार्ब्युरेटरची सुई माझ्याकडे राहू दे."

हशा. सर्वेश तर पोट धरून हसला. त्याचा स्वतःचा गाळा आहे मुलुंडला, तोही इंजिनं ट्यून करतो, पण नंदूसारखं नाव नाही. आज नंदूच्या विनोदावर हसायला मात्र सगळ्यांत पुढे.

तीन फेऱ्यांत इंजिन बंद पडलं. प्लग काढला तर राखाडी, आतली तार वितळून तिचा मणी झालेला. नंदू अनयला म्हणाला, "प्लग डुप्लिकेट होता." अनयने मान डोलावली. नंदू सरांचा शब्द!

गाड्या अनयच्या, रिमोट धरून चालवतो तोच. इंजिनं आमच्याकडे. म्हणजे नंदूकडे. माझ्याकडे काय — रेस झाली की खोलायचं, धुवायचं, बेअरिंगमध्ये तेल सोडायचं. नायट्रोचं इंधन आत राहिलं की या खाऱ्या हवेत बेअरिंग लगेच गंजतं. गाळ्यावर येणारी पोरं मला 'इंजिनांची भांडीवाली' म्हणतात. नाव नंदूनेच ठेवलंय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बोरिवलीचा एक माणूस जुनं इंजिन घेऊन आला. नाव नाही, नंबर नाही. विचारलं, "सर, हे किती सीसीचं?" नंदू म्हणाला, "हो हो, चालू होईल."

माणूस गोंधळला. मी व्हर्निअर लावून मोजलं, पिस्टनभोवतीची नळी, स्लीव, काढून पोर्ट बघितले, सांगितलं — साडेतीन सीसी, धुराडं मागे, बग्गीचं आहे. पिस्टन वर नेला तर कुठेच अडकत नव्हता. नवीन असताना वरच्या टोकाला घट्ट बसतो, तसा बसला नाही म्हणजे स्लीव गेली. माणूस माझ्याकडे बघून बोलायला लागला तर नंदू मध्येच, "तिला काय विचारता? ती धुते फक्त."

तो गेल्यावर नंदू पाठमोरा उभा होता. माझ्या हातातून फ्लायव्हीलचा पाना पडला, लादीवर केवढा आवाज! नंदू वळला नाही.

मी पाना उचलला. परत टाकला. मुद्दाम.

नाही वळला.

मला आनंद झाला. हे कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहिते. काळजी नाही, वाईट नाही — आनंद.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

तो पिस्टन पुसत होता. मी मागून, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "नंदू, तू मेलास तर बरं होईल." तो पुसतच राहिला.

रविवार, २४ नोव्हेंबर

आपले कान गेलेत हे त्याला कळलंय. सकाळी ग्राउंडवर जायच्या आधी मला गाळ्याच्या कोपऱ्यात घेतलं.

"तू कुंपणापाशी उभी राहायचं. गाडी सरळ पट्ट्यावर आली की ऐकायचं. तळवा वर — सुई उघडायची. तळवा खाली — बंद करायची. हात छातीवर — ठीक. कुणाला कळता कामा नये."

मी विचारलं, "का?" खरं तर मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुझे कान रिकामेच असतात म्हणून."

दिवसभर उभी राहिले. गाडी इंधनाला आत आली की तो माझ्याकडे बघायचा, जसं कुणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतं. तळवा वर. तळवा वर. मग छातीवर. इंजिन असं गायला लागलं की काय सांगू! मागे निळसर धूर, टेम्परेचर गनवर एकशे आठ. अनय पहिला आला.

सगळ्यांनी नंदूला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. नंदू म्हणाला, "हिला गाडीचं तोंड कुठलं, शेपूट कुठलं कळत नाही, पण डबा फर्स्टक्लास आणते."

मी डबा उघडला. वाढलं सगळ्यांना.

रविवार, ८ डिसेंबर

पुन्हा जिंकलो. म्हणजे तो.

बुधवार, ११ डिसेंबर

मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. समोर उभी राहून, ओठ नीट हलवून म्हटलं. तो असा चिडला की टेबलावरचं नीडल-व्हॉल्व्हचं खोकं भिंतीवर भिरकावलं.

"यंत्र लावून ग्राउंडवर उभा राहू? सर्वेश काय करेल माहितीय?"

"मग मला ट्यून करू दे. एकदा सांग त्यांना. कान तर माझेच वापरतोस ना!"

तो हसला. "चेतना, तुझ्या हातात सुई दिली ना, तर अनय दुसऱ्या दिवशी सर्वेशच्या गाळ्यावर असेल. बाईच्या हातची इंजिनं कोण घेतं गं?"

नीडल गुडघ्यांवर बसून मीच वेचल्या. एक कपाटाखाली गेली होती. झाडू घालून काढली.

मंगळवार, ३१ डिसेंबर

जानेवारीतल्या फायनलसाठी अनयने नवीन इंजिन आणलं. इटालियन. 

ते रुळवलं मी. आधी हीट गनने शेकलं, म्हणजे पिस्टन थंड स्लीवमध्ये घासत नाही. मग सुई भरपूर उघडी ठेवून, तेलकट धूर सोडत टाकीमागून टाकी. मध्ये थंड करायचं, पिस्टन तळाशी आणून ठेवायचं, परत सुरू. कपड्यांना, केसांना इंधनातल्या एरंडेलाचा वास. शेवटच्या टाकीला त्याचा आवाज बसला. मला तो आवाज बाळाच्या श्वासासारखा ओळखता येतो आता.

दुपारी एक व्हिडिओवाला आला, फायनलवर काहीतरी करतोय. मी इंजिन हातात धरून उभी, त्याने मला बाजूला व्हायला सांगितलं, फ्रेममध्ये येत होते. नंदू कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "टेम्परेचर गन वगैरे नंतर. ट्यूनरचं खरं हत्यार म्हणजे कान. देवाने मला दिलेत."

देवाने!

मी बाजूलाच होते. नंदूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवार, ११ जानेवारी २०२५

उद्या तळवा खाली.

रविवार, १२ जानेवारी

केलं.

पहिली टाकी सुरेख गेली. अनय पहिला, मागच्या गाडीला अर्धा पट्टा अंतर. इंधनाला आत आला. नंदूने माझ्याकडे पाहिलं. तळवा खाली. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला, सुई थोडी आत. गाडी आणखी जोरात पळाली. लोक ओरडले. लीन इंजिन मरायच्या आधी सगळ्यांत वेगात धावतं, हे मला माहीत आहे. नंदूलाही माहीत आहे, त्यानेच एकदा सांगितलं होतं.

दुसऱ्यांदा आत आला. तळवा खाली. नंदूने स्क्रूड्रायव्हर लावला आणि थांबला. धूर जवळजवळ गेला होता. कान नसले तरी डोळे आहेत त्याला. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला नाही. तळवा खालीच.

त्याने सुई आत फिरवली.

ते इंजिन मी रुळवलं होतं. त्याचं किंचाळणं माझ्या दातांत शिरलं. दोन फेऱ्या. मग सरळ पट्ट्यावर, सगळ्यांसमोर — फट्! कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला. गाडी घसरत माझ्या पायांजवळच्या कुंपणाच्या पायपाला येऊन धडकली.

नंदूला ऐकू आलं नाही. तो अजून स्क्रूड्रायव्हर पुसत होता. लोकांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळलं.

मला वाटलं होतं अनय ओरडेल. सर्वेश काहीतरी बोलेल, सगळे हसतील. कुणी हसलं नाही. अनय आला, गाडी उचलली आणि माझ्याकडे न बघता गेला. चूक नवऱ्याची, बायकोला काय बोलायचं, म्हणून असेल.

घरी येताना रिक्षात नंदूने विचारलं, "तुला काय ऐकू आलं?"

मी त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, "सगळं."

सोमवार, १३ जानेवारी

नंदू गाळ्यावर गेला नाही. खिडकीपाशी बसून आहे. चहा ठेवला, प्यायला नाही. मी टीव्ही लावला, आवाज मोठा केला, अगदी मोठा. शेजारच्या माणिककाकूंनी भिंत वाजवली. तो बसूनच.

संध्याकाळी मी गाळा उघडला. त्याच्या स्टुलावर बसले. उंच आहे, पाय टेकत नाहीत.

मंगळवार, १४ जानेवारी

अनय आला होता. गाळ्यावर, त्याच्या गाड्यांच्या पेट्या न्यायला. मी म्हटलं, "नंदूचं आता वय झालं. सीझनला मी बघते तुमचं." तो पेट्यांना पट्टे बांधत राहिला. मग वर न बघता बोलला.

"सर शुक्रवारी एकटे कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. रविवारी तुम्ही डबा घेऊन यायच्या आधी त्यांनी क्लबच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. म्हणाले, माझे कान गेलेत, नोव्हेंबरपासून गाड्या चेतनाच्या कानांवर, तिच्या हाताच्या खुणांवर चालल्यात, आजची ट्रॉफी तिच्या हातात द्या. तोपर्यंत तिला काही सांगू नका."

मी पुढची पेटी त्याच्याकडे सरकवली.

"वहिनी, आम्ही सगळे तुमच्या हाताकडेच बघत होतो."