तीन नळ्या आणि धुतलेली टोपणं

ती. आत्यास दंडवत.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आतोबांच्या शिंका थांबल्या का? मी ठीक आहे. (ठीक म्हणजे जेवण जातं, झोप येत नाही.) फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर लावतेस नि आई शेजारीच बसलेली असते.

आतोबांनी शब्द टाकून लावलेलं काम तुला माहीतच आहे. रंगाच्या कारखान्यामागे जमिनीत तीन नळ्या रोवल्यात. एक दहा मीटर खोल, एक तीस, एक साठ. दर महिन्याला प्रत्येकीत फीत सोडायची, ती पाण्याला टेकली की टुंई करते, तो आकडा लिहायचा, मग पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवायचं. कुठली नळी किती खोल ते फक्त टोपणावर लिहिलंय. साहेबांनी बजावलं होतं, एका वेळी एकच टोपण काढ. मी हो म्हणालो. (हो म्हणायला माझी कधीच ना नसते.) पण मला रिकामं बसवत नाही गं. टोपणं मळलेली दिसली, तिन्ही काढली, घासून लख्ख केली, आणि हाताला येतील तशी लावली. नंतर बघतो तर साठचं टोपण, ज्याचा टवका उडालाय, ते आधी भिंतीकडच्या नळीवर होतं, आता फाटकाकडच्या! दहाचं भिंतीकडे. भीतीनं गप्प बसलो, बाटल्या तशाच पाठवल्या. उत्तर आलं, साठ मीटरच्या पाण्यात रंग उतरलाय. म्हणजे ते पाणी खरं तर दहाचं असणार! वस्तीची खोल बोअर त्याच दिवशी बंद. आता सगळे टँकरपुढे हंडे घेऊन उभे असतात, ते माझ्या टोपणापायी. त्यात घरमालकीण रोज म्हणते, "तू होतास म्हणून वाचलो रे बाबा," आणि चहात साखर जास्त घालते. खरं बोललो तर नोकरी जाईल, आतोबांचं नाव जाईल. गप्प बसलो तर ही माणसं उगाच पाणी वाहत राहतील. आतोबांना म्हणावं, साहेबांना फोन करून पोराला सांभाळून घ्या म्हणा.

तुझा,
घाबरलेला भाचा

ता. क. पाकीट चिकटवताना डोक्यात आलं, टोपणावर कशाला विसंबायचं? माझ्या राहत्या खोलीचं कुलूप लांब दोरीला बांधलं आणि नळ्यांच्या तळापर्यंत सोडलं. (खोली दिवसभर उघडी होती. न्यायला आहे काय म्हणा.) आत्या, टोपणं आत्ता बरोबर आहेत! फाटकाकडचीच साठची निघाली. म्हणजे आधीच चुकीची होती, माझ्या घोळानं जागेवर आली. खालचं पाणी खरंच खराब आहे. बोअर बंद केली तेच बरं झालं.

दुसरा ता. क. टोपणांवरचं अक्षर साहेबांचं आहे, ती बसवलीही त्यांनीच. दोन वर्षं उलटे आकडे गेलेत. तेव्हा आतोबांना 'सांभाळून घ्या' म्हणायला सांगू नकोस. 'पोरगा काय सांगतो ते आधी खुर्चीत बसून ऐका,' एवढंच म्हणावं.

तिसरा. त्या बोअरचं पाणी मी आठ महिने तांब्यानं प्यायलोय. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेव, माझं नाव न घेता. आईला कळू देऊ नकोस. जीभ आरशात पाहिली, गुलाबी आहे. पण आपल्या घरात सगळ्यांची एवढी गुलाबी असते का गं?