आवाज फाटेपर्यंत

२ फेब्रुवारी, रविवार

गाडीला अ‍ॅम्प्लिफायर बसवला. डिकीत, उजव्या कोपऱ्यात. पुढे बारीक आवाजासाठी दोन ट्विटर, दारांत स्पीकर, मागे सबवूफर. साउंडवाला गेन सेट करायला मीटर काढून बसला होता. मी हात धरला. म्हटलं, बाटल्या भरायच्या लाइनवर नुसत्या आवाजावरून बेअरिंगचा आजार सांगण्यात माझी हयात गेली, मला मीटर दाखवू नका. तो म्हणाला, तुमची मर्जी साहेब, पण गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा, गेनचा स्क्रू शून्यापासून हळूहळू फिरवा. आवाज फाटायला लागला की थोडं मागे या आणि मग त्याला विसरून जा.

एवढंच ना. उद्या उरकतो.

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ

सेटिंग झालं. पार्किंगमध्ये डिकी उघडी टाकून, बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. पाव. फाटला नाही. अर्धा. फाटला नाही. पाऊण. ठणठणीत. शेवटी स्क्रूच पुढे जाईना, पण आवाज काही फाटला नाही. याला म्हणतात माल.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खाली आले. त्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरतायत म्हणाले. आभार मानले.

एकच खोट आहे. गाण्यामागे एक अगदी बारीक शिट्टी येते. अर्थिंगचा लोचा असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला कॉलेजला सोडलं. गाडीत बसल्या बसल्या तिने कानांवर हात ठेवले. म्हणे, बाबा, आवाज फाटलाय, पत्रा घासल्यासारखा येतोय. दिवसभर इअरफोन घालून फिरणारी पिढी. यांचे कान विशीतच कामातून गेले आहेत. वाईट वाटलं. तिला सांगितलं, वेळेवर तपासून घे.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस शिट्टीच्या मागे. अ‍ॅम्पची अर्थिंगची वायर सोडवली, बॉडीचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, उघड्या पत्र्यावर पुन्हा घट्ट आवळली. शिट्टी तशीच. इंजिन बंद केलं. तशीच. शेवटी अ‍ॅम्पचा फ्यूजच काढला.

तरी आहे.

कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, असं ऐकून आहे. उतरेल हळूहळू.

९ फेब्रुवारी, रविवार

ही हल्ली बोलताना शब्द खाते. सकाळी स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं, "कार जपली." म्हटलं, जपायलाच हवी, एवढी हौसेने घेतली आहे. ती बाहेर आली, रिकामा डबा माझ्यासमोर धरला आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, साखर संपली.

मग आधीच असं बोलावं की माणसाने.

संकल्प: घरातल्यांना स्पष्ट उच्चारांची सवय लावणे.

संध्याकाळी बाथरूममध्ये तीच शिट्टी. गीझर जुना झालाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शिट्टी मीटिंगमध्येही होती. ट्यूबलाइटचे चोक बदलायला सांगितले. मेंटेनन्सवाला म्हणाला, साहेब, इथे मागच्या वर्षीच एलईडी लावलेत. हल्ली कसला म्हणून दर्जा राहिलेला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गाडीत करपल्यासारखा वास. लेक म्हणते ट्विटर जळाले, दोन्ही. बारीक आवाज एकही येत नाही म्हणे, झांजा नाहीत, काही नाही. मी नीट कान देऊन ऐकलं. कालच्यात आणि आजच्यात मला तसूभर फरक वाटला नाही. मग जळले कुठून?

दोघांना एकच गाणं ऐकवलं. लेक पुढे, ही मागे. गाणं संपल्यावर दोघी आरशातून एकमेकींकडे बघत होत्या. घरात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिच्या बहिणीकडे निघालो होतो. गाणं चालू होतं, फार मोठं नाही. एकाएकी लेकीने माझा दंड धरून ओढला. आरशात बघतो तर मागे अ‍ॅम्ब्युलन्स, अगदी चिकटून. दिवा गरगर फिरतोय. गाडी कडेला घेतली. शेजारून जाताना ड्रायव्हरने माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

सायरन न लावता पेशंट नेतात म्हणजे कमाल आहे. तक्रार करणार होतो. लेक म्हणाली, बाबा, सिग्नलपासून वाजत होता.

परत येताना गाडी हिने चालवली. माझा डोळा दुखतोय असं ठरलं. स्टिरिओ कोणी लावला नाही. शिट्टी होतीच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन नंबर लाइनवरचा फिटर येऊन सांगत होता की कन्व्हेअरचं बेअरिंग किंचाळतंय, लाइन थांबवू या. गेलो. माझ्या पद्धतीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. पाण्यासारखं गुळगुळीत. किंचाळणं सोडा, कुरकूरसुद्धा नाही. म्हटलं, चालव बिनधास्त. तो जागचा हलेना. म्हणाला, साहेब, इतक्या लांबून मला ऐकू येतंय. मी म्हटलं, तू काल आलेला माणूस. आजूबाजूचे दोघे-तिघे हातातलं काम थांबवून बघत होते.

फिटरने लाइन चालू केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहिणं झालं नाही.

काल जेवणाच्या सुट्टीच्या आधी बेअरिंग जाम झालं. पट्टा तुटला आणि चाबकासारखा उडाला. फिटर तिथेच उभा होता. मनगट दोन ठिकाणी मोडलं. मी जरा पलीकडे, पाठ करून. सगळे सांगतात तो पडल्यावर ओरडला, मला हाका मारत होता. मी वळलो ते लोक धावताना दिसले म्हणून.

पट्ट्याचा माल खराब होता. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं आहे.

आज त्याच्या घरी फोन केला, स्पीकरवर टाकून. त्याच्या बायकोने उचलला. बराच वेळ बोलली. काय बोलली ते नीट कळलं नाही. लाइन खराब होती. मी हो, हो म्हणत राहिलो. ती थांबली, तरी मी एकदा हो म्हटलं. मग फोन बंद झाला.

ही दारात उभी राहून ऐकत होती. मी हिला विचारलं, काय म्हणाली ती? तर म्हणते, तुम्ही हो कशाला म्हणालात ते तरी माहीत आहे का?

सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. अपघात झाला की लाइनवरच्या सगळ्यांची कानांची तपासणी करायची, असा कंपनीचा नियम निघाला आहे म्हणे. माझं नाव पहिलं. साहजिक आहे, सीनियर मीच. बाहेर आल्यावर इतरांना त्यांच्या तारखा विचारल्या. अजून कोणालाच आलेल्या नाहीत.

बरंच झालं. एकदाचं कागदावर येऊन जाईल, मग कोणाला शंका नको. रिपोर्टची एक प्रत मॅनेजरसाहेबांना, एक लेकीला.

गाडीत जाऊन बसलो, काही न लावता, काचा वर करून. शिट्टी डिकीतून येते की पुढून, ते एकदा पक्कं करायचं होतं. मान डावीकडे वळवली, ती डावीकडे आली. उजवीकडे वळवली, तिकडे आली.

उतरलो. दार लावलं.

संकल्प: लिहीन नंतर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

टेस्ट झाली. जसं झालं तसं लिहितो.

छोटी खोली, भिंतींना स्पंज, जाड दार, एक काच. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई आणि त्यांच्या शेजारी ही. बाईंनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, आवाज आला की दाबा, अगदी बारीक आला तरी. मी म्हटलं, बारीक आवाज हाच माझा विषय.

पहिले काही जाड होते, भोंग्यासारखे. पटापट दाबले. बाईंनी मान डोलावली. मग बहुधा त्यांनी मध्ये सुट्टी घेतली. मी अंगठा बटणावर ठेवून तयार बसलो. शिट्टी चालू होती, पण ती माझी, ती मोजायची नाही एवढं मला कळतं. बाई मशीनवर काहीतरी फिरवत होत्या, माझ्याकडे बघत होत्या, लिहीत होत्या. पुन्हा फिरवत होत्या. जुळवाजुळवीला इतका वेळ लागावा, याचं मनातल्या मनात हसू आलं.

मग हिने पदर तोंडाशी नेला.

दार उघडून दोघी आत आल्या. मी म्हटलं, बाई, करा आता सुरू, मी केव्हाचा तयार आहे. बाई काहीतरी बोलल्या. मी हिच्याकडे पाहिलं. हिने माझे हेडफोन काढले, केस सारखे केले, अंगठा उचलून बटण हातातून सोडवून घेतलं.

"झाली," म्हणाली.

ओठांवरून कळलं.